५३ टक्के पक्षी कमी झाले, पण कुठल्या माळावर?

माळरान, चराई आणि पक्षी असा काहीतरी विषय घेऊन पीएचडीला बसायचं ठरवलेल्या कुणाचाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या नाही तर दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडतं: उत्तर अमेरिकेत १९७० पासून गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची संख्या ५३ टक्क्यांनी घटली. पुढे कंसात 'रोझेनबर्ग आणि इतर, २०१९'. आणि लगेच पुढचं वाक्य: म्हणून चराई आणि माणसांचा वावर यांवर नियंत्रण आणणं गरजेचं आहे.

आजची पोस्ट या 'म्हणून'बद्दल आहे. आकडा खोटा नाही, पेपरही उत्तम आहे. पण या आकड्यावरून त्या निष्कर्षापर्यंत जायला वाट आहे का, हे तपासायचंय. त्यासाठी आपण एक खरा प्रेअरीचा तुकडा घेऊ, सरकारी मालकीचा, आणि हा पेपर त्यावर ठेवून बघू.

आधी पेपर नीट वाचू

२०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या पेपरचा पहिला लेखक केनेथ रोझेनबर्ग. अमेरिका आणि कॅनडातल्या ५२९ जातींच्या पक्ष्यांची १९७० पासूनची गोळाबेरीज त्यात आहे. निष्कर्ष असा, की प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांची एकूण संख्या जवळजवळ २९० कोटींनी, म्हणजे २९ टक्क्यांनी घटली. सगळ्यात मोठा फटका गवताळ प्रदेशाला: ३१ जातींचा हा गट ५३ टक्क्यांनी आक्रसला आणि ७० कोटींहून जास्त पक्षी कमी झाले. याच काळात पाणथळ जागांवरचे पक्षी मात्र वाढले.

पेपरच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे लेखकांनी आकड्यासोबत अनिश्चिततेचा पट्टाही दिला आहे. दुसरी, त्यांनी पक्षीगणनेवरच विसंबून न राहता हवामान रडारचा आधार घेतला. रात्री स्थलांतर करणारे थवे रडारवर उमटतात. २००७ ते २०१७ या दहा वर्षांत तिथेही सुमारे १४ टक्के घट दिसली. दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धती एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्या घटीवर विश्वास ठेवावाच लागतो.

आता पेपरनं काय केलेलं नाही तेही बघा. घट कशामुळे झाली याची चाचणी त्यात नाही. अधिवास नष्ट होणं, शेतीचं तीव्र होत जाणं अशा कारणांचा उल्लेख चर्चेत येतो, पण ती गृहीतकं म्हणून. चराई जास्त असलेली जागा आणि कमी असलेली जागा अशी तुलना त्यात नाहीच. म्हणजे सिनॉप्सिसमधला तो 'म्हणून' पेपरमध्ये नाही. तो आपण आपल्या पदरचा घालतो.

तुकडा: पॉनी नॅशनल ग्रासलँड

कोलोरॅडोच्या ईशान्य कोपऱ्यात, वेल्ड काउंटीत, सुमारे ७८,००० हेक्टरांचं पॉनी नॅशनल ग्रासलँड आहे. (पॉनी हे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाचं नाव. तट्टाशी काही संबंध नाही!) मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं क्षेत्र होतं त्याहून मोठं. पण नकाशावर ते सलग दिसत नाही. सरकारी चौकोन, खाजगी चौकोन, राज्य सरकारचा चौकोन असा बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखं ते पसरलंय.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी इथलं आखूड गवत नांगरून शेती केली. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, माती उडून गेली आणि शेतकरी देशोधडीला लागले. सरकारनं ही मोडलेली शेतं विकत घेतली. १९३७ च्या बँकहेड-जोन्स कायद्यानं या खरेदीला आधार दिला. १९५४ मध्ये या जमिनी वन सेवेकडे आल्या आणि १९६० मध्ये त्यांना नॅशनल ग्रासलँड हे नाव मिळालं. तेव्हा डोळ्यासमोर 'अस्पर्श निसर्ग' आणू नका. ही एकदा मोडलेली आणि परत गवताखाली आणलेली जमीन आहे.

आज या जमिनीवर एकाच वेळी बरंच काही चालतं. आजूबाजूच्या पशुपालकांची गुरं परवान्यावर चरतात. जमिनीखाली तेल आणि वायू आहे आणि वेल्ड काउंटी हा कोलोरॅडोचा सगळ्यात मोठा तेलउत्पादक भाग आहे. लोक पक्षी बघायला, तंबू ठोकायला, पॉनी ब्यूट्स या दोन कड्यांपर्यंत चालत जायला येतात. बंदुकीची नेमबाजी करायलाही येतात. आणि याच सगळ्यात प्रॉन्गहॉर्न हरणासारखे प्राणी, स्विफ्ट फॉक्स नावाचा छोटा कोल्हा, जमिनीत वसाहती करणारे खारीच्या कुळातले प्रेअरी डॉग आणि गवतातले पक्षी राहतात. एका जमिनीचे अनेक वापर, हे तिथलं अधिकृत धोरणच आहे.

आता ५३ टक्क्यांचा आकडा इथे आणून ठेवू.

पहिली अडचण: ही कशाची बेरीज आहे?

'गवताळ प्रदेशातले पक्षी' हा एक गट वाटतो. जमिनीवर उतरलं की तो फुटतो. पॉनीवर माउंटन प्लोव्हर नावाचा पक्षी घरटं करतो. आपल्या चिखल्याच्या कुळातला, पण चिखलाशी काही देणंघेणं नसलेला. त्याला हवी असते जवळजवळ उघडी जमीन: प्रेअरी डॉगनी कुरतडलेली, नुकतीच जळलेली किंवा गुरांनी खूप चरलेली. जाड चोचीचा लाँगस्परही आखूड, विरळ गवतात रमतो. याउलट ग्रासहॉपर स्पॅरोला उंच आणि दाट गवत लागतं. लार्क बंटिंग, जो कोलोरॅडोचा राज्यपक्षी आहे, तो या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो.

म्हणजे तुम्ही चराई कमी केलीत तर स्पॅरो खूश, प्लोव्हर बेघर. वाढवलीत तर उलटं. 'चराईचा पक्ष्यांवर परिणाम' या वाक्याला इथे एक चिन्हच नाही, कुठे अधिक आहे, कुठे उणे. ३१ जातींची बेरीज केली की ही चिन्हं पुसली जातात आणि हाती एकच उणे राहतं.

शिवाय बेरजेत गर्दी करणाऱ्यांचं वजन जास्त. पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन मेडोलार्क मिळून १३.९ कोटींनी घटले. म्हणजे ७० कोटींतला जवळपास पाचवा हिस्सा दोनच जातींचा. आता माउंटन प्लोव्हरचा हिशेब करा. २०११ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं त्याला धोक्याच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मागे घेतला, तेव्हा त्याची संख्या वीस हजारांच्या थोडी वर धरली होती. उद्या हा पक्षी जगातून पार नाहीसा झाला, तरी ७० कोटींच्या मानानं ते होतील सुमारे ०.००३ टक्के. अख्खी जात संपेल आणि आकडा हलणारही नाही. ज्या पक्ष्यासाठी पॉनीसारखी जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, तोच या आकड्याला दिसत नाही.

पेपरवर माझी मुख्य टीका ही आहे. लेखकांनी अधिवासानुसार गट पाडले, ते संवादाच्या दृष्टीनं सोयीचं होतं. पण गवताची उंची हा गवताळ पक्ष्यांसाठी अधिवासाइतकाच मोठा मुद्दा आहे. आखूड गवताचे आणि उंच गवताचे असे दोन उपगट मुख्य तक्त्यात आले असते, तर पुढचे कितीतरी गैरसमज टळले असते.

दुसरी अडचण: कुठे उभं राहून मोजलं?

या आकड्याचा मोठा आधार म्हणजे १९६६ पासून चालू असलेली प्रजननकाळातली पक्षीगणना. तिची पद्धत समजून घ्या, मुलाखतीत विचारतात. सुमारे ४० किलोमीटरचा एक ठरलेला रस्ता. त्यावर ८०० मीटरच्या अंतरानं ५० थांबे. प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं उभं राहायचं आणि ऐकू आलेला किंवा चारशे मीटरच्या आत दिसलेला प्रत्येक पक्षी नोंदवायचा. हे काम करतात जाणकार स्वयंसेवक, वर्षातून एकदा, पहाटे.

साधेपणा ही या पद्धतीची ताकद आहे. तीच रीत पन्नास वर्षं पाळली म्हणून तर कल कळला. पण गणना रस्त्यावरून होते. रस्त्याच्या कडेला कुंपण असतं, तारा असतात, चर असतो, चरात वेगळं गवत असतं. 'रस्त्याचा दोष दरवर्षी सारखाच असेल, तर कलावर फरक पडत नाही,' असं यावर उत्तर दिलं जातं आणि ते बरोबर आहे. प्रश्न त्या 'सारखाच'चा आहे. ज्या भागात तेलविहिरी वाढल्या आणि टँकरांची ये-जा वाढली, तिथे तीन मिनिटांत ऐकू येणारे पक्षी कमी होऊ शकतात, पक्षी तेवढेच असले तरी. किंवा रस्त्यालगतचे पक्षी खरोखर कमी होतील, पण आत दोन किलोमीटरवर काय चाललंय ते कळणार नाही. संपूर्ण खंडाच्या बेरजेत अशा गोष्टी बऱ्याच प्रमाणात विरून जातात. एका तुकड्यावर त्या विरत नाहीत.

तिसरी अडचण: कधीपासून मोजलं?

१९७० हे वर्ष निसर्गानं ठरवलेलं नाही, डेटानं ठरवलंय. त्याआधी सुमारे नव्वद वर्षं बायसनचे कळप मारून संपवले गेले होते, नंतर नांगर आला, नंतर धूळ. पॉनीवर १९७० मध्ये जे होतं ती एका आजारातून उठत असलेली जमीन होती. त्यामुळे 'घट' म्हणजे 'मूळ स्थितीपासून घट' असं वाचू नका. १९७० कडे परत जाणं हे ध्येय होऊ शकतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायला हवा.

मग फिरायला येणाऱ्या लोकांचं काय?

करमणूक हा पॉनीवरचा खरा वादाचा विषय. पण ५३ टक्क्यांचा आकडा इथे अगदीच गप्प आहे. नेमबाजीचा आवाज, वाट सोडून चालवलेली गाडी, कड्यावर चढणारे लोक, यांचे परिणाम ठरावीक जागी आणि ठरावीक महिन्यांत होतात.

तिथली एक व्यवस्था बघा. पॉनी ब्यूट्सच्या कड्यांवर शिकारी पक्षी घरटी करतात. म्हणून कड्याजवळचा भाग १ मार्च ते ३० जून बंद ठेवतात. बाकीचे महिने खुला. नेमबाजीसाठी ठरवून दिलेली जागा आहे. तेलाबाबत २०१५ मध्ये निर्णय झाला, की नव्या भाडेपट्ट्यांवर ग्रासलँडच्या पृष्ठभागावर काही उभारायचं नाही. हे तिन्ही निर्णय 'कुठे' आणि 'कधी' या भाषेत आहेत. खंडभराची टक्केवारी ही भाषा बोलूच शकत नाही. कोणत्या कड्यावर, कोणत्या आठवड्यात, कोणता पक्षी अंड्यावर बसलाय, हे माहीत असलेल्या माणसालाच हे ठरवता येतं.

चुकीच्या 'म्हणून'ची किंमत कोण मोजतं?

यात नुसता तर्काचा काथ्याकूट नाही. पॉनीला लागूनच अमेरिकी कृषी खात्याचं सेंट्रल प्लेन्स एक्सपरिमेंटल रेंज हे केंद्र आहे. तिथे १९३९ पासून चराईचे प्रयोग चालू आहेत. गेल्या दशकात तिथे एक वेगळा प्रयोग झाला. पशुपालक, संवर्धन संस्था आणि सरकारी खाती यांतल्या ११ जणांच्या गटानं एकत्र बसून निर्णय घ्यायचे. प्रत्येकी सुमारे १३० हेक्टरांची दहा कुरणं. सगळ्या गोऱ्ह्यांचा एकच कळप एका कुरणातून दुसऱ्यात फिरवायचा, म्हणजे बाकीच्या कुरणांना विसावा. उद्दिष्टांत गवत, गुरांचं वजन आणि पक्ष्यांचा अधिवास असं सगळं. जोडीला तशीच दहा कुरणं, जिथे जुन्या पद्धतीनं गुरं हंगामभर एकाच जागी चरणार. एकूण गुरं दोन्हीकडे सारखीच.

२०२० मध्ये डेव्हिड ऑगस्टीन आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. फिरत्या चराईतल्या गोऱ्ह्यांची वजनवाढ १२ ते १६ टक्क्यांनी कमी भरली आणि वनस्पतींमध्ये अपेक्षित सुधारणा काही दिसली नाही. 'फिरती चराई सगळ्यांच्या भल्याची' हे जगभर सांगितलं जातं, आणि इथे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात वेगळंच निघालं. आता विचार करा: एका टक्केवारीच्या जोरावर हीच पद्धत सगळ्यांवर सक्तीची केली, तर वजनातला तोटा पशुपालकाच्या खिशातून जाणार, आणि प्लोव्हरला लागणारी उघडी जमीन मिळेलच याची हमी नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. माउंटन प्लोव्हर कोलोरॅडोच्या पूर्व भागात खाजगी शेतांतही घरटी करतो. ड्रिट्झ आणि नॉफ यांनी २००७ मध्ये 'बायोसायन्स'मध्ये त्यावर लिहिलं. शेतकऱ्यांच्या परवानगीनं त्यांच्या जमिनीवर अभ्यास झाला, आणि शेतातली घरटी कुरणातल्या घरट्यांइतकीच यशस्वी होत असल्याचं दिसलं. 'नांगर म्हणजे पक्ष्याचा शत्रू' असं धरून बसलेल्यांना हे कळलंच नसतं. शेतकऱ्यानं फाटक उघडलं म्हणून ते कळलं. आधी आरोप, मग सर्वेक्षण, असा क्रम ठेवला असता तर फाटक उघडलं असतं का?

एक प्रामाणिक आक्षेप

इथे कुणी म्हणेल, की असं प्रत्येक तुकड्याचं वेगळं मोजत बसलं तर प्रत्येक व्यवस्थापक 'आमच्याकडे सगळं ठीक आहे' म्हणून हात झटकेल, आणि सगळे ठीक असताना ७० कोटी पक्षी गेले कुठे? आक्षेप जोरदार आहे आणि मला तो पटतो. मोठा आकडा यासाठीच लागतो. घराला आग लागलीय हे तो सांगतो आणि कुणालाही हात झटकू देत नाही. फक्त कुठल्या खोलीत लागलीय, हे त्याला विचारू नका. त्यासाठी खोलीत जावं लागतं.

आपल्या माळावर

नाव पॉनीचं असलं तरी ही चूक आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्येच जास्त घडते, म्हणून थोडं इकडचं. आपल्याकडे रस्त्यांवरची पन्नास वर्षांची गणना नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानं ९४२ जातींचा आढावा घेतला, तो मुख्यतः पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या याद्यांवरून. अहवाल मोलाचा आहे, विश्लेषणात बरीच काळजीही घेतली आहे. पण पक्षीनिरीक्षक जिथे पक्षी मिळतात तिथे जातात, आणि रविवारी जातात. तेच तीन प्रश्न इथेही विचारा: बेरीज कशाची, उभं कुठे राहून, आणि कधीपासून.

नकाशाचं माप चुकलं की काय होतं, हे सोलापूरला विचारा. १९७९ मध्ये माळढोकसाठी जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरांचं होतं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. लोकांना जमिनीचे व्यवहार जड झाले आणि माळढोकाबद्दल राग साठला. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलं गेलं. मधल्या काळात माळढोक वाढला नाही, उलट दिसेनासा होत गेला. रेषा मोठी होती, पण नेमक्या माळाची, नेमक्या महिन्याची काळजी त्या रेषेत नव्हती.

आता इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वन विभागाची गवताळ प्रदेश सफारी चालते. लांडगा बघायला गाड्या येतात, त्याच माळांवर धनगरांची मेंढरंही चरतात. उद्या तुमच्यापैकी कुणीतरी तिथे काम करेल आणि तुमच्या प्रबंधातलं एक वाक्य एखाद्या व्यवस्थापन आराखड्यात जाईल. मेंढरं थांबवा की गाड्या थांबवा, की विणीच्या दिवसांत फक्त अमुक पट्टा थांबवा, हे त्या वाक्यावर ठरू शकतं.

तर वाक्य कसं लिहायचं?

आधीचं वाक्य: 'गवताळ पक्षी ५३ टक्क्यांनी घटले आहेत, म्हणून चराई नियंत्रित करणं गरजेचं आहे.'

बदललेलं: 'अमेरिका आणि कॅनडात १९७० पासून गवताळ पक्ष्यांची एकत्रित संख्या ५३ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. मात्र या गटातल्या जातींना गवताची वेगवेगळी उंची लागते आणि चराईचा परिणाम जातीनुसार उलटा असू शकतो. त्यामुळे प्रस्तुत अभ्यासात अमुक माळावर, विणीच्या हंगामात, गवताची उंची, चराईचा दाब आणि माणसांचा वावर हे तिन्ही घटक वेगवेगळे मोजून जातीनिहाय परिणाम तपासला जाईल.'

लांब झालं, मान्य. पण बघा, दुसऱ्या वाक्यात तुमची पद्धत आपोआप आली. काय मोजायचं, कधी मोजायचं, काय वेगळं ठेवायचं, सगळं. पहिल्या वाक्यानंतर मोजायला काही उरतच नव्हतं, उत्तर आधीच दिलेलं होतं. आरआरसीत कुणी विचारलं, 'निष्कर्ष ठरलाच आहे, तर संशोधन कशाला?' तर पहिल्या वाक्याच्या मालकाकडे उत्तर नसेल.

या आठवड्यात एक करा. तुमच्या सिनॉप्सिसमधले सगळे 'म्हणून', 'त्यामुळे', 'सबब' पेन्सिलीनं गोल करा. प्रत्येकासमोर लिहा, ही उडी मूळ पेपरनं मारलीय की तुम्ही. तुम्ही मारली असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तुमचा संशोधन प्रश्न तिथेच असतो. कमेंटमध्ये एखादा गोल टाका, मिळून बघू.